रंग मारायच्या आधी डिकीतला मॅट उचलून बघा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत तुम्ही जुन्या गाड्यांवर फोटो-लेख छापला होता, छान होता, फोटो तर लय भारी, पण वाचून झाल्यावर एक गोष्ट खटकली म्हणून लिहितोय. लेखात बहुतेक प्रत्येक गाडीचं कौतुक एकाच शब्दात, 'अगदी शोरूममधून आत्ताच बाहेर काढल्यासारखी'. आता पन्नास-साठ वर्षांची गाडी जर शोरूममधून आत्ताच काढल्यासारखी दिसत असेल तर कारखान्यात मारलेला रंग तिच्यावर बहुतेक उरलेला नसणार, आणि तो कधी गेला, का गेला, घालवायची गरज होती का, हे लेखात कुठंच नाही. वर शेवटी सल्ला पण दिलाय की तुमच्या दारात अशी गाडी पडून असेल तर रंगरंगोटी करून तिला नवं आयुष्य द्या. साहेब, हा सल्ला वाचून आपल्या सातारा जिल्ह्यातल्या किती गाड्या आता गॅरेजमध्ये घासायला जाणार याचीच मला काळजी वाटली. माझं म्हणणं एवढंच आहे की रंग मारायचा का आहे तो ठेवायचा हे गाडी बघून ठरवा, आधीच ठरवून मग गाडी पेंटरकडं नेऊ नका, आणि दोन्ही बाजू सारख्याच वाटत असतील तर आहे तो ठेवा, कारण नवा रंग काय, पुढच्या वर्षी पण मारता येईल.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या शेवटच्या फियाट टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली आणि ती काळी-पिवळी रस्त्यावरून कायमची गेली, तेव्हा सगळ्या पेपरांत तिच्यावर आठवणी आल्या. तेव्हापासून मी बघतोय, ज्या गाडीला लोक 'कुणीतरी न्या बाबा' म्हणत होते त्याच गाडीवर आता ताडपत्री टाकतात आणि आल्या-गेल्याला दाखवतात. चांगलंच आहे. पण प्रेम आलं की माणसाचा पहिला हात रंगावरच जातो. इंजिन उघडणार नाही, ब्रेक बघणार नाही, वायरिंगची पार शेवयांसारखी गुंतवळ झालेली असली तरी चालेल, पण रंग मात्र आधी.

सगळ्यात आधी हे बघा की ज्याला आपण ओरिजनल रंग म्हणतोय तो ओरिजनल आहे का. आपल्याकडं गाडी विकायची म्हणजे आधी रंग मारायचा, घरात लग्न निघालं की रंग, कुठं घासली की नुसतं एक दार न मारता 'आता सगळीच मारून टाकू', त्यामुळं त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांना दोन-तीन हात तरी बसलेत. फियाट घ्यायची म्हणजे तेव्हा नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायला लागायची, अशी मिळालेली गाडी माणूस जपायचा आणि जपायचा म्हणजेच परत परत रंगवायचा, हे पण आलंच. म्हणून पहिल्या हाताचा रंग अजून टिकून असलेली गाडी सापडणं अवघड आहे, आणि ज्याच्याकडं आहे त्याला बऱ्याचदा ते माहीतच नसतं.

बघायचं कसं, तर डिकी उघडा, मॅट उचला, स्टेपनीच्या खाली बघा. दाराच्या कडेचं रबर बीडिंग बोटानं थोडं बाजूला करा, स्टीलच्या पट्टीच्या क्लिपांखाली बघा, ग्लोव्ह बॉक्सच्या आतून बघा, अशा ठिकाणी ऊन पोचत नाही आणि घाईतला पेंटर पण पोचत नाही, त्यामुळं पहिला रंग तिथं जसाच्या तसा असतो. आत आणि बाहेर एकच रंग, फक्त बाहेरचा फिका पडलेला, तर शक्यता चांगली. बीडिंगच्या रबरावरच रंगाचे शिंतोडे दिसले, किंवा काचेच्या कडेला चिकटपट्टी लावून मारल्याची सरळ रेघ दिसली तर समजायचं की इथं कुणीतरी काच न काढता काम उरकलंय. ओलं कापड घेऊन एका कोपऱ्यात जरा चोळा, कापडाला गाडीचा रंग लागला तर वरती क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर नाही, साधा जुन्या पद्धतीचा रंग आहे. पुट्टी बघायला साधं लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून फिरवलं तरी कळतं, पुट्टीवर ते धरतच नाही. ज्याला अजून खात्री पाहिजे त्यानं रंगाची जाडी मोजायचं मीटर कुणाकडून तरी मिळवावं, कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असतो, परत रंगवलेल्या भागावर आकडा दुप्पट-तिप्पट होतो आणि पुट्टी थापलेली असेल तिथं हजाराच्या वर पण जातो. ही सगळी तपासणी फुकटात होते आणि एका सकाळीत होते. तरीपण करत कोणी नाही.

आता आपल्या जिल्ह्याचंच बघा. महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस आणि माण तालुक्यात पाचशेच्या आसपास, जिल्हा एकच. म्हसवड-दहिवडीकडं वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी बघितली की टप आणि बॉनेट उन्हानं पांढरं पडलेलं, हात फिरवला की खडूसारखी पावडर हाताला, बघणारा म्हणतो गेली हिची वाट. पण खाली वाकून बघा, फरशीचा पत्रा खणखणीत, दाराच्या तळाला टकटक केलं तर आवाज भरीव. अशा गाडीचा रंग मेलेला नसतो, त्याचा फक्त वरचा पातळ थर उन्हानं खाल्लेला असतो, खाली रंग जिवंत असतो. याच्या उलट महाबळेश्वर, मेढा, पाटण पट्ट्यातली गाडी. झाडाखाली, ढगाळ हवेत राहिलेली, लांबून बघितली तर रंगाला काय झालेलं नाही, गर्द आणि तकतकीत, आणि जवळ गेल्यावर दाराच्या खालच्या कडेला फुगे. नखानं फुगा दाबला की पोपडा सुटतो आणि आतून चॉकलेटी भुसा पडतो. दारात आलेलं पावसाचं पाणी बाहेर जायला तळाला बारीक भोकं असतात, ती पाल्यापाचोळ्यानं आणि मातीनं बुजतात, पाणी आतच थांबतं आणि पत्रा आतून बाहेर कुजत येतो, त्यामुळं रंगावर फुगा दिसेपर्यंत आतला खेळ खल्लास झालेला असतो. म्हणजे दिसायला भिकार असलेल्या माणदेशी गाडीचा रंग ठेवण्यासारखा आणि दिसायला देखण्या महाबळेश्वर-पाटणकडच्या गाडीचा निदान खालचा भाग तरी कापून, वेल्डिंग करून रंगवण्यासारखा. लांबून फोटो बघून ठरवणाऱ्याचा निर्णय दोन्हीकडं चुकणार.

आमच्या घरात हा वाद प्रत्यक्ष झालाय म्हणून एवढं ठासून लिहितोय. थोरल्या काकांची १९७३ची प्रीमियर प्रेसिडेंट आहे, म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यातली तीच फियाट, जिचं नाव पुढं पद्मिनी झालं. फिकट निळी. काका गेल्यावर गाडी शेडमध्येच होती, मग चुलत भावाच्या मुलीचं लग्न ठरलं आणि त्यानं टूम काढली की गाडी वरातीला काढायची, मेटॅलिक सिल्व्हर मारायची, आतून लाल रेक्झिन. एका गॅरेजवाल्यानं येऊन बघून पण टाकली, 'साहेब आठ दिवस द्या, ओळखू येणार नाही अशी करतो' म्हणाला. ओळखू येणार नाही याचीच मला भीती होती. भाऊ म्हणाला, दादा, पाहुण्यांसमोर असली विटकी गाडी कशी आणायची, लोकांना वाटेल पैसे नाहीत म्हणून आणली. त्याचं पण बरोबर आहे, लग्नात लोक तेच बघतात.

मी त्याला फक्त ड्रायव्हरच्या दाराजवळ नेलं. काका गाडी चालवताना उजवा कोपर खिडकीवर ठेवायचे, आयुष्यभर, कितीही सांगितलं तरी. त्या जागी दाराच्या वरच्या कडेवर रंग झिजून गेलाय, आधी निळा विरत गेलेला, मग प्रायमरची विटकरी कड आणि मधोमध बोटभर लांबीचा उघडा पत्रा, पण गंज नाही, घासून घासून गुळगुळीत आणि चकचकीत झालेला. पुढच्या डाव्या मडगार्डवर त्यांनीच ब्रशनं लावलेला निळ्याचा एक ठिपका आहे, शेड साफ चुकलेली, बहुतेक घराच्या खिडक्यांना आणलेल्या ऑइल पेंटच्या डब्यातला. सिल्व्हर मारलं असतं तर पहिल्या दिवशीच हे दोन्ही घासायच्या वॉटर पेपरखाली गेलं असतं.

पण गंमत म्हणजे खरा मुद्दा काकूंनी काढला. त्या म्हणाल्या, अरे तुम्ही पोरं त्या झिजलेल्या रंगाचं कौतुक करताय, पण त्यांना गाडी चमकलेलीच लागायची, दर रविवारी शॅमॉयचं मऊ कातडं घेऊन पुसत बसायचे, ते असते तर त्यांनी कधीच रंग मारून घेतला असता. याला उत्तर देणं सोपं नव्हतं. जपणूक जपणूक म्हणून आपण मालकाला जे आवडलं नसतं तेच करतोय का, हा प्रश्न खराच आहे. मला वाटतं त्याचं उत्तर असं की चमक पाहिजे असेल तर ती आहे त्याच रंगातून काढता येते, आणि काढली पण. धुऊन, माती निघाल्यावर, बारीक पॉलिश हातानं चोळलं, तेलकट पॉलिशचा थर देऊन रात्रभर मुरू दिला, सकाळी पुसला, शेवटी कार्नोबा वॅक्स. कापडं निळीशार झाली. टपाचा रंग खालून असा वर आला की भाऊ गप्पच झाला. खालच्या रनिंग बोर्डाचा पत्रा आणि मागच्या सीटपुढची फरशी मात्र गेलेली होती, ती कापून नवा पत्रा लावला, प्रायमर मारून त्याच निळ्यानं रंगवली, तिथं जपणूक वगैरे काही नाही, भोक ते भोक. वरात त्याच गाडीतून निघाली, झेंडूच्या माळांखाली कोपराची जागा कुणाला दिसली पण नसेल.

यातली एक अडचण सांगतो, शेड जुळवायची. पेंटच्या दुकानात आता कॅमेरा लावून शेड काढून देतात, पण कॅमेरा कुठं धरायचा? डिकीतल्या न उडालेल्या निळ्यावर धरला तर बाहेर नवा तुकडा डोळ्यात खुपतो, बाहेरच्या उडालेल्यावर धरला तर कारखान्याचा रंग हा नव्हेच. आम्ही पॉलिश झाल्यानंतरच्या बाहेरच्या रंगावर धरला. आधी पॉलिश आणि मग शेड, हा क्रम उलटा केला तर पैसे वाया.

आणि हौशी लोकांसाठी चार गोष्टी. मशीनवर लोकरीचा पॅड लावून जुन्या रंगावर जोरात फिरवायचं नाही, बॉनेटच्या आणि मडगार्डच्या कडांवर रंग आधीच पातळ असतो, बघता बघता प्रायमर दिसतो. डॅशबोर्ड चमकवायचा सिलिकॉनचा स्प्रे बाहेरच्या पत्र्याच्या आसपास नको, पुढं कधी रंग मारायची वेळ आलीच तर त्या सिलिकॉनमुळं ताज्या रंगात खड्डे पडतात, पेंटर त्याला फिश आय म्हणतात आणि वैतागतात. पावसाळ्याआधी खालून जळकं ऑइल फवारायची आपल्याकडं पद्धत आहे, त्यानं पत्रा वाचतो पण रबराचे बुश फुगून मऊ पडतात. आणि सगळा रंग काढून सँडब्लास्टिंग करा असं कुणी सुचवलं तर चेसिसला ठीक आहे, बॉनेट आणि दारांच्या पातळ पत्र्याला नको, पत्रा लाटा मारतो आणि मग तो सरळ करायला पुट्टी आलीच.

माझा रंग मारण्याला विरोध आहे असं कृपा करून समजू नका. ज्या गाडीवर आधीच कुणीतरी पुट्टी थापून तीन वेळा रंग मारलाय आणि आता त्याला भेगा गेल्यात, तिथं काय जपायचं? ती खुशाल पत्र्यापर्यंत घ्या. रोज वापरायची असेल तर हार्डनर मिसळून मारायचा दोन भागांचा टूके रंग मारा, तो टिकाऊ आहे, जुन्या गाडीवर जरा जास्तच काचेसारखा दिसतो पण उन्हापावसाला पुरा पडतो. फक्त शेड कारखान्याची ठेवा, तिच्या काळात नसलेला मेटॅलिक नको. (तसंही आरसी बुकात गाडीचा रंग लिहिलेला असतो, वेगळा मारला तर आरटीओत नोंद करायचं काम मागं लागतं.) आणि डिकीत किंवा डॅशबोर्डखाली हातभर तरी जागा न रंगवता सोडा, पुढच्याला कळायला की आधी काय होतं.

आपल्याकडं जुन्या दगडी देवळांचं हेच झालं ना. काळ्या पाषाणाच्या खांबांना, कमानींना गावानं श्रद्धेनं आणि वर्गणी काढून ऑइल पेंट फासला, गुलाबी, पिवळा, पोपटी, आणि आता त्याच गावांत तो रंग उतरवायला तरुण पोरं ब्रश घेऊन बसतात. दगडावरचा रंग निदान उतरवता तरी येतो.

जगात हा विचार जुन्या इमारतींकडूनच गाड्यांकडं आला. इमारतींच्या जतनाची व्हेनिसची सनद १९६४ची, त्याच धर्तीवर जुन्या वाहनांच्या फिवा या जागतिक संघटनेनं २०१२ मध्ये ट्यूरिनची सनद केली, तिचा गाभा असा की वाहनाचा मूळ भाग जितका ठेवता येईल तितका ठेवा, कमीत कमी हात लावा, आणि जे केलं त्याची नोंद ठेवा. २०१५ मध्ये पॅरिसच्या लिलावात शेडमध्ये पडून असलेली एक फेरारी २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर धुळीसकट विकली, पूर्वी ती ॲलन डेलॉन या नटाची होती, किंमत १.६३ कोटी युरो. आता आपली फियाट म्हणजे फेरारी नव्हे, तिचा ओरिजनल रंग ठेवला म्हणून कुणी लाखो जास्त देणार नाही, उलट आपल्याकडच्या बाजारात आज चमकणारीलाच जास्त भाव आहे. त्यामुळं पैशासाठी ठेवा असं मी म्हणतच नाही.

सरकारी नियमातला शब्द मात्र ध्यानात ठेवा. जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली दुचाकी-चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात व्हीए ही अक्षरं येतात, नवीन नोंदणीची फी २० हजार, नोंदणी दहा वर्षांची, आणि नंतर गाडी रोज फिरवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल-दुरुस्ती एवढ्यासाठीच. अट अशी की वाहन मूळ रूपात ठेवलेलं पाहिजे, चेसिस, बॉडी शेल, इंजिनात मोठे फेरबदल नकोत. नुसत्या रंगानं नोंदणी अडेल असं नाही, पण मूळ रूप जपण्याची अपेक्षा कायद्यातच आलीय हे लोकांपर्यंत पोचलेलं नाही.

आणि गाड्या किती जणांकडं असणार, स्कूटर बघा. आपल्याच साताऱ्याच्या एमआयडीसीत महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात सत्तरच्या दशकापासून प्रिया बनायची, बजाज आणि राज्याच्या महामंडळाची मिळून कंपनी. त्यातल्या पहिल्या पहिल्या प्रिया आता पन्नाशीला टेकल्यात. कितीतरी घरांत जिन्याखाली उभ्या असतील, आणि कारखान्यातून निघालेल्या रंगातली एक तरी प्रिया आपल्या गावात शिल्लक राहावी असं मला मनापासून वाटतं. लोक त्यांना आता गुलाबी आणि मिंट ग्रीन मारून कॅफेच्या दारात उभ्या करायला लागलेत.

तर संपादक साहेब, विनंती दोन. एक, रॅली भरवणाऱ्यांनी न रंगवलेल्या गाड्यांचा गट वेगळा ठेवावा, परदेशातल्या मोठ्या स्पर्धांत असा गट असतोच, नाहीतर उन्हानं फिकी पडलेली पण अस्सल गाडी चकाचक गाडीशेजारी उभी करून तिचा मालक उगीच ओशाळतो आणि पुढच्या वर्षी रंग मारून येतो. दोन, पुढच्या वेळी असा लेख कराल तेव्हा प्रत्येक मालकाला 'रंग कधी मारला' एवढं विचारून ते फोटोखाली छापा.

आपला,
एक वाचक, शाहूपुरी, सातारा

ता.क. तुमच्या लेखातल्या एका फोटोत पेंटर नाकाला रुमाल बांधून स्प्रे मारताना दिसतो. टूके रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, त्यानं कायमचा दमा लागू शकतो आणि रुमालानं ते अडत नाही. रंग मारायचाच असेल तर गाडीच्या मालकानं बाहेरून स्वच्छ हवा देणारा मास्क असलेलं गॅरेज शोधावं, चार पैसे जास्त गेले तरी. आणि जुना रंग कोरडा घासू देऊ नका, पूर्वीच्या पिवळ्या-लाल रंगांत शिसं असायचं, पाणी मारूनच घासायचं.